व्यवसाय-प्रणालीतील प्लग-इन आणि आज्ञावलीकारांचे सहकार्य

मोठ्या व्यवसाय-प्रणाली कोणा एका व्यापाऱ्यासाठी लिहिलेल्या नसतात. ग्राहकांच्या नोंदी, मागण्या, मालाचा साठा, बिले आणि हिशेब ही जी कामे बहुतेक सर्व व्यवसायांना समान आहेत, त्यांचीच सोय त्यांत केलेली असते. परंतु घाऊक औषधविक्रेत्याचे नियम विमा कंपनीस लागू पडत नाहीत, आणि विमा कंपनीचे नियम साखर कारखान्याच्या उपयोगी पडत नाहीत. ही उणीव दोन मार्गांनी भरून काढता येते. मूळ प्रणालीच्या आज्ञावलीतच फेरफार करणे हा पहिला मार्ग होय. परंतु प्रणालीची नवी आवृत्ती आली की हे फेरफार पुन्हा करावे लागतात, आणि कालांतराने मूळ कोणते व भर कोणती हेही सांगता येईनासे होते. दुसरा मार्ग असा की, मूळ प्रणालीस हात न लावता तिने मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागी स्वतःची लहानशी आज्ञावली बसवावयाची. अशा आज्ञावलीस प्लग-इन असे म्हणतात.

प्लग-इन लिहिणाऱ्या आज्ञावलीकारांविषयी एक गोष्ट सहज लक्षात येते. अनोळखी व्यक्तींच्या शंकांना उत्तरे देणे, स्वतः तयार केलेली साधने विनामूल्य उपलब्ध करून देणे, सभासंमेलनांतून आपले अनुभव सांगणे, असे व्याप त्यांच्यापैकी पुष्कळजण आपले काम सांभाळून करीत असतात. या वृत्तीचा उलगडा सामान्यतः परोपकार किंवा प्रसिद्धीची हौस या दोहोंपैकी एका कारणाने केला जातो. ही दोन्ही कारणे खोटी आहेत असे नाही. परंतु ती अपुरी आहेत. हा सहकार मूळ कामाच्या स्वरूपातूनच उद्भवतो, आणि प्लग-इनचा संबंध दूरच्या क्लाउड-सेवांशी येऊ लागल्यापासून त्याची आवश्यकता अधिकच वाढली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम प्लग-इनचे कार्य कसे चालते हे पाहिले पाहिजे.

१. यजमान प्रणाली आणि तिचे नियम

उदाहरणादाखल मायक्रोसॉफ्टची ग्राहकसंबंध-व्यवस्थापनाची प्रणाली घेता येईल. ही प्रणाली २००३ साली बाजारात आली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत बाहेरची आज्ञावली जोडण्याची सोय ‘कॉलआउट’ या नावाने होती. डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.० या आवृत्तीत तिची जागा प्लग-इनने घेतली. २०११ च्या आवृत्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. पहिला असा की, प्लग-इनला यजमान प्रणालीच्या अखंड व्यवहारात, म्हणजेच ट्रान्झॅक्शनमध्ये, सहभागी होता येऊ लागले. दुसरा असा की, बंदिस्त कक्षात चालणाऱ्या प्लग-इनची व्यवस्था झाल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीतही ग्राहकांच्या आज्ञावली बसविणे शक्य झाले. २०१६ साली ही प्रणाली डायनॅमिक्स ३६५ या नावाखाली आली, आणि तिच्या तळाशी असलेला माहितीसाठा आज डेटाव्हर्स या नावाने ओळखला जातो.

या प्रणालीत एखादी नोंद निर्माण करावयाची, बदलावयाची किंवा काढून टाकावयाची झाल्यास ती क्रिया चार टप्प्यांतून जाते. टप्प्यांना १०, २०, ३० आणि ४० असे क्रमांक आहेत. दहाव्या क्रमांकाच्या टप्प्यात पूर्वतपासणी होते, आणि ती सामान्यतः अखंड व्यवहार सुरू होण्यापूर्वीची असते. विसाव्या क्रमांकाचा टप्पा मुख्य क्रियेच्या आधीचा, तिसाव्याचा प्रत्यक्ष मुख्य क्रियेचा आणि चाळिसाव्याचा तिच्या नंतरचा होय. तिसावा टप्पा यजमानाने स्वतःकडे राखून ठेवला आहे. इतर तिन्हींत प्लग-इनची नोंदणी करता येते. विसाव्या किंवा चाळिसाव्या टप्प्यातील, क्रियेबरोबरच चालणाऱ्या प्लग-इनने आक्षेप नोंदविला तर तोपर्यंत झालेले सर्व बदल रद्द होतात आणि माहितीसाठा पूर्वस्थितीस येतो. ‘सर्व किंवा काहीच नाही’ हे या अखंडतेचे सूत्र होय. जमेची बाजू लिहिली गेली आणि नावेची राहून गेली, असा प्रकार हिशेबाच्या वहीत होऊ नये म्हणूनच हा सर्व खटाटोप असतो.

यजमान प्रणाली पाहुण्यावर काही बंधनेही घालते. बंदिस्त कक्षात चालणाऱ्या प्लग-इनला सर्व्हरवरील फाइलींना हात लावता येत नाही. बाहेरच्या जगाशी बोलावयाचे तर ते वेबच्या मार्गानेच, आणि तेही नाव असलेल्या पत्त्यांशी. कोणत्याही प्लग-इनने २ मिनिटांच्या आत आपले काम संपविले पाहिजे. अन्यथा यजमान ते थांबवितो. एकाच संगणकसमूहावर अनेक संस्थांच्या आज्ञावली चालत असल्याने ही बंधने अपरिहार्य आहेत. एका पाहुण्याच्या गैरवर्तनाने इतरांची गैरसोय होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू आहे.

२. सीमेपलीकडील अडचण

आतापर्यंत वर्णन केलेली सर्व सुरक्षितता एका माहितीसाठ्याच्या कुंपणाच्या आतली आहे. मायक्रोसॉफ्टची क्लाउड-सेवा २००८ साली जाहीर झाली व २०१० साली सर्वांसाठी खुली झाली; आज ती अॅझ्युअर या नावाने ओळखली जाते. २०११ च्या आवृत्तीपासून प्लग-इनला या सेवेतील संदेशरांगेत थेट संदेश टाकता येऊ लागले, आणि २०१७ पासून वेबहुकच्या द्वारे कोणत्याही वेब-सेवेस घटना कळविण्याची सोय झाली. गोदाम, वाहतूक, बँक, करभरणा यांच्या निरनिराळ्या प्रणाली एकमेकींशी जोडणे यामुळे सुलभ झाले. पण त्याबरोबरच अखंड व्यवहाराचे कुंपणही ओलांडले गेले.

अडचण कोठे येते हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. घाऊक औषधविक्रेत्याच्या प्रणालीत एका दुकानदाराची मागणी नोंदली जात आहे. ती क्लाउडमधील गोदाम-प्रणालीस कळवून माल रवाना करण्याची सूचना देणे हे प्लग-इनचे काम आहे. प्लग-इन संदेश पाठविते. परंतु ठरलेल्या वेळेत उत्तर येत नाही. याचा अर्थ काय समजावयाचा? संदेश वाटेतच नाहीसा झाला असेल, आणि गोदामाला मागणीची वार्ताही नसेल. किंवा संदेश पोचला असेल, माल गाडीत भरलाही गेला असेल, आणि केवळ परतीची पोच हरवली असेल. प्लग-इनच्या बाजूने पाहता या दोन परिस्थितींत कोणताही फरक दिसत नाही. पुन्हा संदेश पाठवावा तर दुसऱ्या परिस्थितीत माल दोनदा जातो. न पाठवावा तर पहिल्या परिस्थितीत रुग्णाचे औषध दुकानात पोचतच नाही.

तिसरी शक्यता याहूनही फसवी आहे. संदेश पोचला, पोचही मिळाली. परंतु त्यानंतर त्याच टप्प्यातील दुसऱ्या एखाद्या प्लग-इनने आक्षेप घेतला आणि मूळ मागणी रद्द झाली. माहितीसाठा पूर्वस्थितीस आला. पण गेलेला संदेश माघारी येत नाही. वहीत जी मागणी नाही तिचा माल गोदामातून निघतो.

ही अडचण कोणा एका प्रणालीच्या दोषामुळे उद्भवत नाही. बेभरवशाच्या मार्गावरून निरोप पाठवून दोन पक्षांचे निःसंशय एकमत घडविता येत नाही, हा विचार संगणकशास्त्रात १९७५ पासून मांडला गेला आहे. जिम ग्रे यांनी १९७८ साली त्यास दोन सेनापतींच्या दृष्टांताचे रूप दिले. प्रत्येक निरोपाची पोच हवी, पोचेचीही पोच हवी, आणि ही मालिका कोठेच संपत नाही. अॅझ्युअरची केंद्रे २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे सुरू झाली. त्यामुळे भारतातील वापरकर्त्यांच्या संदेशांचा प्रवास पुष्कळ कमी झाला. तथापि अंतर कमी झाल्याने सीमा पुसली जात नाही. एकाच शहरातील दोन प्रणालींमध्येही उत्तर हरवू शकते.

३. उपायांची दिशा

अशक्य ते शक्य करण्याचा हट्ट सोडून हानी टाळण्याची व्यवस्था करणे, हेच येथील उपायांचे तत्त्व होय. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ साली ‘सागा’ ही कल्पना मांडली. दीर्घ व्यवहाराचे लहान लहान भाग करावेत आणि प्रत्येक भागासाठी त्याची भरपाई करणारा उलट व्यवहार आधीच ठरवून ठेवावा, असे तिचे सार आहे. रवाना झालेला माल ‘न झालेला’ करता येत नाही; पण तो परत मागविता येतो व त्याची नोंद ठेवता येते. पॅट हेलँड यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच्या पुढची पायरी गाठली. अनेक संगणकांवर पसरलेल्या मोठ्या प्रणालींत सर्वव्यापी अखंड व्यवहाराची अपेक्षा सोडून द्यावी आणि संदेश दुसऱ्यांदा आला तरी चालेल अशीच रचना करावी, असे त्यांचे म्हणणे होते.

व्यवहारात यातून दोन नियम निघतात. पहिला नियम संदेश केव्हा पाठवावा याविषयीचा. मूळ व्यवहार पक्का होण्यापूर्वी बाहेर निरोप पाठवू नये. डेटाव्हर्समध्ये प्लग-इनची नोंदणी ‘नंतर चालणारे’ या प्रकारात करता येते. अशा वेळी पाठवावयाचे काम माहितीसाठ्यातच एक नोंद म्हणून राहते, आणि मूळ क्रिया पूर्ण झाल्यावर यजमान ते उचलतो. त्यामुळे वर सांगितलेली तिसरी शक्यता टळते.

दुसरा नियम संदेश घेणाऱ्यासाठी आहे. अॅझ्युअरच्या संदेशरांगेतून संदेश घेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक संदेश ‘किमान एकदा’ मिळेल एवढेच आश्वासन असते. नेमका एकदाच मिळेल असे नसते. घेणाऱ्याने काम पुरे केल्याचे कळविले नाही तर तोच संदेश पुन्हा दिला जातो, आणि ठरावीक वेळा, मूळ मांडणीनुसार १० वेळा, देऊनही काम झाले नाही तर तो निराळ्या रांगेत बाजूला ठेवला जातो. म्हणून प्रत्येक मागणीस कायमचा क्रमांक असावा, आणि त्या क्रमांकाचे काम पूर्वीच झाले असल्यास घेणाऱ्याने ते पुन्हा न करता केवळ पोच द्यावी. एकच सूचना कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच व्हावा, या गुणास पुनरावृत्तिनिरपेक्षता म्हणता येईल. बाजूला ठेवलेल्या संदेशांकडे मात्र माणसाने नियमितपणे पाहिले पाहिजे. ते पाहावयाचे कोणी, हे ठरलेले नसेल तर यंत्राने केलेली सर्व काळजी व्यर्थ होते.

हे नियम एका कंपनीच्या उत्पादनापुरते नाहीत, हे दुसऱ्या एका प्रणालीवरून दिसून येईल. मुंबईतील फ्रॅपे या संस्थेने तयार केलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली खुली आहे. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते. तीतही दस्तऐवज तपासताना, जतन होताना किंवा मंजूर होताना आपली आज्ञावली जोडण्याच्या जागा आहेत. लांबणारे काम पार्श्वभूमीत सोपविताना ‘व्यवहार पक्का झाल्यावरच रांगेत टाकावे’ असे सांगण्याची सोय त्या चौकटीत आहे. हा पर्याय विसरला गेला तर पार्श्वभूमीतील काम मूळ नोंद पक्की होण्यापूर्वीच सुरू होऊन, अस्तित्वातच नसलेली नोंद शोधू लागण्याचा संभव असतो. दोन प्रणालींची घडण वेगळी, मालकीची पद्धत वेगळी. परंतु सीमेवरचा धोका आणि त्यावरील उपाय एकच.

४. ग्रंथात न मावणारे ज्ञान

एवढे सर्व छापील मार्गदर्शिकेतून शिकता येणार नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. नियम शिकता येतात. परंतु त्यांचे महत्त्व ध्यानात येण्यास निराळी सामग्री लागते. प्लग-इनने एका वेळेची माहिती दुसऱ्या वेळेसाठी स्वतःजवळ साठवू नये, असा नियम डेटाव्हर्सच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. यजमान प्रणाली प्लग-इनची एकदा घडविलेली प्रत जपून ठेवते आणि तीच अनेकांसाठी, कित्येकदा एकाच वेळी, वापरते, हे त्याचे कारण होय. नियम मोडणारी आज्ञावली एकट्या परीक्षकाच्या हाती निर्दोष चालते. अनेक वापरकर्ते एकाच क्षणी कामास लागले म्हणजे एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या नोंदीत उमटू लागते. हा दोष पुन्हा घडवून दाखविणेही कठीण असते. तसेच, नोंद बदलताना प्लग-इनच्या हाती पूर्ण नोंद येत नाही, बदललेले रकानेच येतात. उरलेले रकाने रिकामे आहेत असा समज करून घेणाऱ्या नवशिक्याची गणिते चुकतात.

अशा दोषांचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक आज्ञावलीकाराच्या वाट्यास त्यांपैकी थोडेच येतात. यजमान प्रणाली एक आहे, पण तिचे वापर हजारो आहेत. ती घडविणाऱ्यांना सर्व वापर ठाऊक नसतात, आणि वापरणाऱ्या प्रत्येकास केवळ स्वतःचा वापर ठाऊक असतो. सीमेवरचे ज्ञान अशा रीतीने विखुरलेले असल्यामुळे ते एकत्र आणण्यास परस्परांशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९५५ साली आयबीएम ७०४ या संगणकाच्या आगमनाची तयारी करीत असताना, दक्षिण कॅलिफोर्नियातील विमानोद्योगांच्या पुढाकाराने ‘शेअर’ ही संघटना स्थापन झाली. त्यापूर्वीच्या ७०१ या संगणकासाठी प्रत्येक ठिकाणी त्याच त्या मूलभूत आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या होत्या, आणि त्यात झालेला श्रमांचा अपव्यय सर्वांस जाणवला होता. सभासदांनी युनायटेड एअरक्राफ्टमधील रॉय नट यांचा असेम्ब्लर समान साधन म्हणून स्वीकारला. विमानांच्या बाजारात परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले हे उद्योग संगणकाच्या दालनात सहकारी झाले. स्पर्धा जेथे करावयाची ते क्षेत्र निराळे आणि समान यजमानाला समजून घेण्याचे क्षेत्र निराळे, हा भेद त्यांनी ओळखला होता.

उत्तरे देणाऱ्यास त्यातून काय मिळते, याचा अभ्यास करीम लाखानी आणि एरिक फॉन हिपेल यांनी अपाची या वेब-सर्व्हरच्या वापरकर्त्यांच्या संदर्भात केला व २००३ साली प्रसिद्ध केला. त्यात आढळून आले की, उत्तर देणाऱ्यांच्या एकंदर श्रमांपैकी सुमारे ९८ टक्के श्रम प्रश्न आणि इतरांची उत्तरे वाचण्यात जातात, आणि ते वाचन त्यांना स्वतःच्या कामासाठी उपयोगी पडते. उत्तर लिहिण्याचा प्रत्यक्ष भार अल्प असतो, कारण उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. दुसऱ्याची अडचण वाचणे म्हणजे स्वतःवर न आलेल्या प्रसंगाचा अनुभव घेणे होय. परोपकाराच्या कल्पनेपेक्षा हे स्पष्टीकरण वरील विवेचनाशी अधिक जुळते.

कंपन्यांनाही या कार्याचे मोल कळले आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या उत्पादनांच्या वापरकर्त्यांस साहाय्य करणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांसाठी १९९३ साली ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’ हा सन्मान सुरू केला. डायनॅमिक्सच्या क्षेत्रात तांगी तुझार यांनी निर्माण केलेले एक्सआरएम टूलबॉक्स हे साधन सर्वतोमुखी झाले आहे. हे साधन स्वतःच एक यजमान आहे, आणि त्याच्या पोटातील अनेक उपयुक्त साधने जगभरच्या आज्ञावलीकारांनी लिहिलेली प्लग-इनच आहेत.

५. मर्यादा आणि जबाबदारी

या सहकाराच्या दुबळ्या बाजूही पाहिल्या पाहिजेत. पहिली बाजू ज्ञानाच्या नश्वरतेची. खुल्या आज्ञावलींसाठी २००६ साली सुरू झालेले कोडप्लेक्स हे मायक्रोसॉफ्टचे भांडार २०१७ साली बंद करण्यात आले. ज्या साधनांना वेळेवर दुसरे घर मिळाले ती टिकली. दुसरी बाजू कालबाह्यतेची. ४.० या आवृत्तीत प्लग-इन अखंड व्यवहारात सहभागी होत नसे. २०११ पासून होऊ लागले. त्या काळी बरोबर असलेले उत्तर आवृत्तीचा उल्लेख नसेल तर नंतरच्या वाचकास सरळ चुकीच्या मार्गास नेते. तिसरी बाजू माणसांवर पडणाऱ्या भाराची. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन-साधनात लपविलेले चोरदार उघडकीस आले. वर्षानुवर्षे एकट्याने त्याची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाचा भार हलका करण्याच्या मिषाने कोणा अज्ञाताने त्यात प्रवेश मिळविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या आज्ञावलीकारास सर्व्हरमध्ये प्रवेश करताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकला, म्हणून ते सापडले. त्यांनी आपले निरीक्षण तत्काळ सर्वांस कळविले, आणि ते चोरदार सर्वदूर पसरण्यापूर्वीच रोखता आले. सहकाराचा दुबळेपणा आणि त्याचे सामर्थ्य या एकाच घटनेत दिसून येते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दृष्टीने यातून काही निष्कर्ष निघतात. प्लग-इन ‘चालते’ एवढे पाहून प्रयोग संपवू नये. उत्तर हरवले, संदेश दोनदा आला, मूळ व्यवहार रद्द झाला, आणि अनेक वापरकर्ते एकाच क्षणी आले, या चारही परिस्थिती मुद्दाम निर्माण करून त्या आज्ञावलीची परीक्षा घ्यावी. परीक्षेत जे आढळले ते प्रणालीची आवृत्ती, तारीख आणि दोष पुन्हा घडवून दाखविण्याची रीत यांसह लिहून प्रसिद्ध करावे. अशी टिपणे मराठीतही लिहिली गेल्यास, छापील मार्गदर्शिका इंग्रजीतून वाचताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्यास नियमामागचे कारण स्वभाषेतून समजेल. ग्राहकाची खासगी माहिती आणि संस्थेची गुपिते अर्थातच वगळावयाची. परंतु दोषाचे स्वरूप हे कोणाचे गुपित नसते.

औषधाचा माल दोनदा रवाना झाला किंवा मुळीच झाला नाही, तर त्याची झळ आज्ञावलीकाराला लागत नाही. ती दुकानदाराला आणि रुग्णाला लागते. कोठल्या तरी शहरात एका आज्ञावलीकाराने तोच दोष पूर्वी पाहिलेला असतो. त्याचे टिपण वेळेवर हाती पडले तर पुढची चूक टळते, आणि म्हणून ते टिपण लिहिणे हा प्लग-इन लिहिण्याच्याच कामाचा शेवटचा टप्पा मानला पाहिजे.